रामकुंडावरची वही, तलाठ्याचा फेरफार की ग्रुपवरची पीडीएफ? वंशावळीसाठी कशावर भरवसा ठेवायचा

भावकीच्या ग्रुपवर वंशावळीची पीडीएफ आली की सगळे हात जोडतात आणि पुढे पाठवतात, आमच्याकडेही तेच झालं. तिच्यात पणजोबांचा जन्म 1815 दिला होता, आणि त्यांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा 1902 चे, म्हणजे वडील 87 वर्षांचे असताना मुलगा झाला का? मग नाशिकला पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे गेलो, रामकुंडावर आलेल्या यजमानांच्या नोंदी ते पिढ्यान्पिढ्या वहीत ठेवतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं, गुरुजींनी बाड, म्हणजे ती जुनी वही, काढलं आणि मोडीतली नोंद वाचून दाखवली. शके 1815 ला पणजोबा रामकुंडावर आले होते, खाली त्यांची सही! शकेत 78 मिळवले की 1893. कुणीतरी शके इसवी समजून, वर तोच जन्म धरून टाकला होता. आणि तीच पीडीएफ तीन ग्रुपवर दिसली म्हणजे तीन पुरावे होत नाहीत हो, चूक एकच, फिरते तीन ठिकाणी.

म्हणून माझं मत, आधी वही. पण वहीतही फरक करा. जो स्वतः आला त्याचं, भावांचं, मुलांचं नाव पक्कं धरा, त्याने सांगितलेले आजे-पणजे ऐकीव असतात. नातवाला आजोबांचंच नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे दोन पिढ्यांची एकच होऊन जाते, तिथे नीट बघा.

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, त्याची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळते. वारस नोंद जमिनीसाठी केलेली, त्यामुळे कोण वारलं आणि मागे कोण राहिलं ते कळतं, दत्तक गेलेला मुलगाही सापडतो, जो पीडीएफमध्ये सख्खा म्हणून बसलेला असतो. तारखेच्या बाबतीत मी फेरफारालाच मानतो, फक्त नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, लोक वर्षानुवर्षं नोंद लावत नाहीत. आणि ज्यांची जमीन नव्हती त्यांना याचा काहीच उपयोग नाही, त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर बघावं.

पीडीएफ टाकून देऊ नका, कुणाला विचारायचं ते तिच्यातूनच कळतं. बनवणाऱ्याला फोन करून विचारा, हे नाव कुठून घेतलं? सांगता आलं नाही तर ते नाव पेन्सिलीने.

बायकांचं मात्र तिन्हीकडे अवघड आहे, मला याचं फार वाईट वाटतं. वहीत नुसतं "सपत्नीक", जुन्या फेरफारात बहुतेक वेळा विधवा म्हणून आली तरच नाव. पणजीचं माहेर मला आत्याने सांगितलं, सायखेड्याचं. आत्या 84 वर्षांची आहे, पुढच्या रविवारी मोबाईलवर रेकॉर्डिंग करायला बसतोय.