पूल हिरवा पडलाय: टीसीसीए टाकू की लिक्विड हायपो?

आधीच सांगून टाकतो, पोहायच्या पूलमधलं हिरवं शेवाळ मारायला आमच्या शेडमध्ये आज दोन्ही आहेत. टीसीसीएचा (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या) डबा आहे आणि हायपोचे (द्रवरूप क्लोरीन) कॅनही आहेत. पण डबा दिवाळीपासून अर्धासुद्धा संपलेला नाही आणि कॅन मात्र नेमाने येतात. त्यावरून माझा कल कुठे आहे ते ओळखा. तरी ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडतो.

आमचं घर कर्जत तालुक्यात. पूल आठ बाय चार मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. टाइल्स लावलेला, सँड फिल्टर असलेला, अगदी साधा. (वाडीत त्याला कुणी पूल म्हणत नाही, पूल म्हणजे उल्हास नदीवरचा. आमची ती 'पोहायची टाकी'.) आम्ही शनिवार-रविवारी जातो, आठवडाभर काका घर बघतात. पुढचं सगळं या परिस्थितीतलं आहे. तुमचा पूल गच्चीवर किंवा सावलीत असेल, तर काही गोष्टी वेगळ्या निघतील.

दोन उमेदवार आधीच बाद करतो.

मोरचूद (कॉपर सल्फेट) स्वस्त आहे, तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं आणि शेवाळ मारतं, यात वाद नाही. बोर्डो मिश्रणासाठी सुपारीवाले नेतात तेच हे. पण तांबं पाण्यातून उडून जात नाही. ते साठत राहतं, टाइल्सच्या सांध्यांवर निळसर-काळपट डाग धरतं आणि केसांवर बसतं. आमच्या आत्याचे केस पांढरेशुभ्र. दोन दिवस पोहून ती घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अरे, माझं डोकं शेवाळलंय की काय?" केसांना खरोखर पोपटी झाक आली होती. आमच्याकडे मोरचूद तिथेच संपलं.

दुसरी टीसीएल पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर. बादलीत रात्रभर भिजवून वरची निवळ तेवढी ओतली तर कामाला येते. पण खाली चुन्याचा गाळ उरतो आणि आमच्या बोअरच्या जड पाण्यात आणखी कॅल्शियम घालायची माझी तरी तयारी नाही. एक मात्र डोक्यात पक्कं असू द्या: टीसीएल आणि टीसीसीए एकाच बादलीत, एकाच डब्यात, अगदी एकाच ओल्या मगानेही एकत्र येता कामा नये. पेट घेतं, स्फोटही होतो. नावं सारखी वाटतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

राहिले दोघे.

टीसीसीएची सोय नाकारण्यात अर्थ नाही. गोळ्या तरंगत्या डब्यात भरायच्या, डबा पाण्यात सोडायचा, आठवडाभर बघायचं नाही. किलोभर मालात जवळजवळ नऊशे ग्रॅम क्लोरीन मिळतं, म्हणजे माझ्या टाकीत सुमारे २२ पीपीएम (लिटरला २२ मिलिग्रॅम). डबा वर्षभर पडून राहिला तरी त्याची ताकद फारशी उतरत नाही. गाडीत सांडत नाही. काकांना समजवायला दोन मिनिटं पुरली. पहिली काही वर्षं मी हेच वापरलं आणि समाधानी होतो. पाणी थोडं आम्लाकडे झुकतं, पण आमचं बोअरचं पाणी मुळातच उलट्या बाजूचं असल्याने ते उलट सोयीचंच पडायचं.

घोळ वेगळाच आहे आणि तो डब्यावर ठळक लिहिलेला नसतो. टीसीसीए पाण्यात विरघळलं की क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड सोडतं. यालाच पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं हवंच, नाहीतर दुपारच्या उन्हात तासाभरात निम्मं क्लोरीन उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि स्टॅबिलायझर मागे राहतं. हिशेब सोपा आहे: १० पीपीएम क्लोरीन टीसीसीएतून दिलं की साधारण ६ पीपीएम स्टॅबिलायझर जमा. रोज दोन पीपीएम क्लोरीन लागत असेल तर महिन्याला पस्तीस-छत्तीसची भर. दिवाळीनंतर सुरुवात केली तर फेब्रुवारीपर्यंत शंभरी सहज. आणि स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितकं क्लोरीन त्याच्या पकडीत. पाणी तपासायच्या किटमध्ये दिसतं, पण शेवाळाला लागत नाही.

मग पहिली काही वर्षं आमचं कसं निभावलं? पावसामुळे. कर्जतला पावसाळ्यात तीन मीटरच्या वर पाऊस पडतो आणि माझा पूल सव्वा मीटर खोल. चार महिन्यांत टाकी ओसंडून ओसंडून जवळजवळ सगळं पाणी फुकटात बदललं जायचं. त्यात एप्रिल-मेमध्ये आम्ही फारसे जायचो नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी काय करतं ते कधी नीट बघितलंच नव्हतं.

ते बघायची वेळ भाच्याच्या मुंजीला आली. एप्रिलचा तिसरा आठवडा, रविवारी सगळं गोकुळ उतरणार, आणि गुरुवारी काकांचा फोन, "दादा, टाकी हिरवी झाली." माल देणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दोन किलो अजून टाका." टाकले. शुक्रवारी पाणी आणखी हिरवं. किटमधलं पाणी मात्र गडद पिवळं, जवळजवळ नारिंगी, म्हणजे क्लोरीन भरपूर. पुन्हा फोन. "साहेब, अजून दोन किलो टाका." हा माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे उत्तरच एक होतं.

शनिवारी सोसायट्यांचे पूल सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. त्याने एक नळी काढली, तळाला काळा ठिपका असलेली. पूलचं पाणी आणि औषध समसमान मिसळलं की ते दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून बघत ठिपका कधी दिसेनासा होतो ते वाचायचं. पाणी चांगलं असेल तर नळी बरीच भरेपर्यंत ठिपका दिसत राहतो. आमचा ठिपका शंभरची खूण यायच्या आतच गायब झाला. पूलच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी मिसळून त्याने पुन्हा मोजलं आणि आकडा दुप्पट केला: १४०.

आता इथे अडचण बघा. शेवाळ मारायला स्टॅबिलायझरच्या साधारण ४० टक्के क्लोरीन लागतं, हा घरगुती पूलवाल्यांचा ठोकताळा आहे. स्टॅबिलायझर ३० असेल तर १२ पीपीएममध्ये काम होतं. १४० असेल तर ५६ लागणार आणि ते दिवसेंदिवस टिकवावं लागणार. ते टीसीसीएने करायला जावं तर स्टॅबिलायझर आणखी चढतं. ते उतरवायचा घरच्या घरी जमणारा उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. १४० वरून ४० वर यायचं तर टाकीतलं सत्तर टक्के पाणी, म्हणजे २८,००० लिटर. बोअरचं पाणी तळाला गेलेलं. म्हणजे दहा-दहा हजार लिटरचे तीन टँकर.

आमच्या घराकडे येणारा रस्ता वाडीतूनच येतो. एप्रिलात तिथे पंचायतीच्या टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. काका थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "दादा, टँकर रात्री बोलवू या का?"

टँकर मी बोलावले नाहीत, रात्री नाही आणि दिवसाही नाही. मुंज हिरव्या टाकीशेजारी झाली. पोरांना होजपाइपने भिजवलं. टाकी जूनपर्यंत तशीच राहिली आणि पावसाने धुतली. बाकी दोन्ही मालांची किंमत, ताकद, वास यांची तुलना तुम्ही खुशाल करा, माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

आता हायपो. म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दहा-बारा टक्क्यांचं, पस्तीस-पन्नास लिटरच्या कॅनमध्ये येतं ते. क्लोरीन खर्च झालं की मागे थोडं मीठ उरतं, बाकी काही साठत नाही. बारा टक्क्यांचा ताजा माल असेल तर एका लिटरला माझ्या टाकीत ३ पीपीएम मिळतं. तोंडी हिशेब होतो.

त्रास आहेत, लपवत नाही. कॅन जड. झाकणातून वायू सुटावा लागतो, म्हणून ते पूर्ण हवाबंद नसतं, आणि गाडीच्या डिकीत कॅन कलंडला तर गालिच्यावर पांढरा ओघळ कायमचा. माझ्या तीन पँटवर ठिपके आहेत. उन्हात माल पटकन उतरतो: मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर ठेवलेला कॅन बारा टक्क्यांचा राहत नाही. आणि रोज ओतावं लागतं. काका रोज संध्याकाळी ऊन उतरलं की मगाने मोजून रिटर्नच्या तोंडाशी (फिल्टरमधलं पाणी टाकीत परत येतं तिथे) ओततात. त्यांची कुरकुर नाही, पण ज्यांच्याकडे रोज कुणी नसतं त्यांना हा मुद्दा मोठा आहे, हे मान्य.

हट्टी शेवाळ हायपोने कसं जातं ते थोडक्यात. आधी पीएच ७.२ च्या आसपास आणायचं. त्यासाठी ॲसिड लागलं तर ते टाकून पंप तासभर चालवायचा आणि मगच हायपो. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तिथे धाडस नको. मग संध्याकाळी एकदम १२ पीपीएम, आमच्याकडे चार लिटर. पंप दिवसरात्र चालू. आणि ब्रश. ब्रशला पर्याय नाही: पायऱ्यांच्या आतले कोपरे, शिडीच्या मागे, लाइटच्या कडेने. शेवाळाचा बुळबुळीत थर फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. सकाळ-संध्याकाळ मोजून जेवढं उतरलं तेवढं पुन्हा घालायचं. पिवळ्या रंगाचा किट एवढ्या क्लोरीनला निरुपयोगी आहे. थेंबांचा किट घ्या, गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब अर्धा पीपीएम.

पाणी आधी मळकट होतं, मग दुधी. दुधी झालं की अर्धी लढाई जिंकली, कारण ते मेलेलं शेवाळ आहे. फिल्टरचं प्रेशर नेहमीच्या आकड्यापेक्षा पाव पटीने चढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. तुरटी टाकून गाळ खाली बसवला तर काम लवकर होतं, पण मग तो गाळ सक्शनने थेट बाहेर सोडावा लागतो आणि पाणी जातं. मी उन्हाळ्यात तुरटीच्या वाटेला जात नाही, फिल्टरला दोन दिवस जास्त देतो. थांबायचं कधी? सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, पहाटे उन्हाआधी पुन्हा मोजा. फरक एक पीपीएमच्या आत असेल तर पाण्यात क्लोरीन खाणारं काही उरलेलं नाही. आमच्याकडे गेल्या खेपेला पाच दिवस लागले.

मग टीसीसीएचा डबा शेडमध्ये कशाला? दोन कामांना. पावसाळा संपला की पाण्यात स्टॅबिलायझर जवळजवळ नसतंच आणि ऑक्टोबरचं ऊन तर भाजून काढतं. तेव्हा तीन-चार आठवडे टीसीसीएच वापरतो. काळ्या ठिपक्याच्या नळीत ३०-४० दिसलं की बंद. दुसरं काम काळ्या शेवाळाचं. ते टाइल्सच्या सांध्यात मुळं धरल्यासारखं चिकटतं, नायलॉनच्या ब्रशला दाद देत नाही. तिथे आधी तारेच्या ब्रशने डोकं खरवडायचं आणि हातमोजे घालून टीसीसीएची गोळीच त्या ठिपक्यावर घासायची. फायबरग्लासच्या किंवा लायनरच्या (प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या) पूलवर यातलं काहीच करू नका.

तुम्ही पंधरा-पंधरा दिवस फिरकत नसाल, घराकडे कुणी नसेल आणि कोकणासारखा पाऊस दरवर्षी टाकी धुऊन देत असेल, तर टीसीसीए घ्यायला माझी ना नाही. फक्त ती ठिपक्याची नळी सोबत घ्या आणि महिन्यातून एकदा बघा. पुणे-नगरकडे पाऊस तेवढा नाही, तिथे स्टॅबिलायझर वर्षानुवर्षं चढत जाईल, तिकडच्यांनी जरा जास्त विचार करावा. आणि समजा पाणी काढायचीच वेळ आली, तर भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी खालून दाबतं, फायबरग्लासची टाकी तर होडीसारखी वर येते.

रोज एक माणूस पाच मिनिटं देऊ शकत असेल तर मात्र हायपो. कॅन घेताना भरल्याची तारीख विचारा. दुकानदाराला ती सांगता आली नाही तर दुसरीकडे बघा. टीसीसीएचा डबा त्या शेडमध्ये नको, दुसऱ्या खोलीत, कोरड्या फळीवर. आमचा आता तिथेच हलवायचाय. काकांनी फळी ठोकून ठेवलीय, मीच दोन रविवार विसरलोय.