बी.ए. कुठे करावं: संभाजीनगर की बेंगळुरूचं ख्रिस्ती विद्यापीठ?

परभणीत पोरगी बी.ए. करणार म्हटलं की लगेच विचारतात, "का, नीटला कमी पडले का?" हे ऐकूनही ज्यांनी ठरवून कला शाखा धरली आणि आता या दोन गावांच्या पेचात आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. माझा मुलगा संभाजीनगरच्या एका कॉलेजात शिकला, तर बहिणीची लेक बेंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात.

विषयांची यादी पाहून काही ठरवू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचे ऐच्छिक विषय), मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आहेच. फरक वर्गात पडतो. माझ्या मुलाचा मूल्यशिक्षणाचा पेपर गाइडवर निघाला. भाचीला मात्र मुख्य विषय अर्थशास्त्र असूनही पाण्याच्या हक्कावर निबंध लिहावा लागला. तिने जायकवाडी आणि वरच्या धरणांचा वाद लिहिला, शेवटी आजोळच्या टँकरचा उल्लेख केला. मॅडमनी समासात तांबड्या पेनाने विचारलं होतं, "टँकर कोणाचा? पैसे कोण देतं?" दिवाळीत ती टँकरवाल्याशेजारी बसून विहिरीपर्यंत गेली, हिशेब विचारून आली आणि निबंध पुन्हा लिहिला. जनरल एज्युकेशन, म्हणजे मुख्य विषयापलीकडचं शिक्षण, म्हणतात ते मला त्या वहीत दिसलं.

धर्माची धास्ती बऱ्याच घरांत असते. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि वयाने अज्ञान (अठराच्या आतला) असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा प्रार्थना सक्तीची करता येत नाही. भाचीच्या कार्यक्रमांत सुरुवातीला प्रार्थना होते, ती शांत उभी राहते, एवढंच.

पैशाचं मात्र खरं दुखणं आहे. फी, वसतिगृह, येणं-जाणं धरून तीन वर्षांचा खर्च लाखांत जातो. शिवाय कलम १५(५) मधल्या आरक्षणाच्या तरतुदीतून अशा अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचंही आधी पक्कं विचारून घ्या. बेंगळुरू लांब वाटत असेल तर तिथल्याच क्राइस्ट या ख्रिस्ती विद्यापीठाचं पुण्याजवळ लवासालाही आवार आहे.

रान विकून मात्र पाठवू नका. बाबासाहेबांनी १९५० मध्ये संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालय काढलं ते इथल्याच पोरांनी शिकावं म्हणून, आणि त्या आवारातून किती घरांतली पहिली पदवी बाहेर पडली! इथेही निबंध वाचून परत देणारे सर आहेत, फक्त ते शोधावे लागतात. पोरगी मराठी माध्यमाची असेल, इंग्रजीत बोलायला बिचकत असेल, तर असे एक सर गाठून इथेच शिकवा. पैशाची सोय असेल आणि पोरगी वर्गात हात वर करणारी असेल, तर मी तिला बेंगळुरूलाच पाठवीन.

कुठेही प्रवेश घ्या, त्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला भेटा आणि तपासून परत आलेला एक निबंध दाखवायला सांगा.