माळ्यातलं गांधीलमाश्यांचं पोळं काढून घेतलं, त्याला 11 महिने झाले: आमचा अनुभव

काम झालं त्याच आठवड्यात लिहायला बसले असते, तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. मुद्दाम थांबले. पोळं खाली आलं म्हणजे काम झालं असं नसतं, हे मला आधी एकदा फार महागात पडून कळलं होतं.

तो आधीचा प्रकार सांगते. माळ्याच्या झरोक्यातून मोठ्या गांधीलमाश्या ये-जा करताना दिसल्या, तेव्हा घाईघाईने एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. ते भर दुपारी आले, खाली उभं राहूनच झरोक्यावर फवारा मारला, दहा-बारा माश्या पडल्या, मग भोकात फोम भरला आणि गेले. दुपारी पुष्कळ माश्या शिकारीला बाहेर असतात. त्या परत आल्या तर दार बंद, आणि आतल्यांचीही नेहमीची वाट बंद. गांधीलमाशी लाकूड कुरतडते, लाळेत कालवते आणि त्या लगद्याचं कागदासारखं पोळं बांधते. असल्या जबड्यांना फोम पोखरणं अवघड नव्हतं. पण त्यांनी फोम पोखरलाच नाही, छताच्या फळीतली फट रुंद केली आणि त्या थेट माळ्याच्या खोलीत उतरल्या.

तिसऱ्या दिवशी आई गादी काढायला वर गेली. मानेवर दोन आणि हातावर एक, असे तीन डंख बसले. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या कातडीत रुतून बसते आणि मधमाशी मरते. गांधीलमाशीची नांगी अशी अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. शिवाय डंख मारताना ती धोक्याचा गंध सोडते आणि त्या वासाने बाकीच्या धावून येतात. आईचे ओठ सुजायला लागले, आवाज बसला, चक्कर आली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. आणि खूप डंख बसले असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखाना गाठा, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर उशिरानेही दिसू शकतो.

आता दुसऱ्या सेवेबद्दल. फोन केला तर पहिला प्रश्न आला, "घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी आहे का?" दुसरा प्रश्न, "फवारणी आधीच कुणी करून गेलंय का?" दोन्हींचं उत्तर हो म्हटल्यावर त्यांनी माळ्याचं दार बंद करून खालच्या फटीत ओलं फडकं घट्ट बसवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस पाठवला. आलेल्या दादांनी पंप गाडीतून काढलाच नाही. दुर्बीण घेऊन अंगणाच्या टोकाला अर्धा तास उभे राहिले. मी तेव्हा वैतागले होते, कारण मला ते पोळं तासाभरात गेलेलं हवं होतं. त्या अर्ध्या तासात त्यांनी तीन गोष्टी शोधल्या: माशी कुठली आहे, ती कुठून आत शिरते, आणि दुसरी वाट आहे का. दुसरी वाट होती, पन्हळीमागे. पहिल्यांना ती दिसलीच नव्हती.

या पाहण्याचं महत्त्व मला पुढे वाचताना जास्त उमगलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2019 मध्ये आशियाई राक्षसी गांधीलमाशी सापडली. ही जगातली सगळ्यात मोठी गांधीलमाशी. तिचं पोळं शोधण्यासाठी 2020 च्या ऑक्टोबरात तिथल्या शास्त्रज्ञांनी जिवंत माशीला छोटा रेडिओ ट्रान्समीटर बांधला, तिच्या मागावर जाऊन झाड गाठलं आणि माश्या व्हॅक्यूमने ओढून घेतल्या. साधनं वेगळी असली, तरी आमच्या दादांची रीत तीच होती: आधी माशीच्या मागे जायचं, मग पोळ्याला हात लावायचा.

प्रत्यक्ष काम अंधार पडल्यावर झालं. तेव्हा बहुतेक माश्या घरी परतलेल्या असतात. अंगात जाड, डोळ्यांवर जाळी असलेला पोशाख, हातात लाल उजेडाचा दिवा, कारण लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. लांब नळीने दोन्ही वाटांमधून डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी आत सोडली आणि भोकं मुद्दाम उघडी ठेवली. उशिरा परतणाऱ्या माश्यांच्या पायांना भुकटी लागते आणि त्याच ती आतपर्यंत नेतात. आम्हाला दोन दिवस माळ्यावर जायला मनाई होती. घरी मांजर किंवा मत्स्यपेटी असेल तर आधीच सांगा. या गटातली औषधं पाण्यातल्या माशांना फार घातक असतात, आणि यातलं पर्मेथ्रिन मांजरांनाही. आमची मत्स्यपेटी त्यांनी स्वतः झाकून घेतली आणि हवेचा पंप बंद करायला लावला.

तिसऱ्या दिवशी पोळं काढलं. फुटबॉलपेक्षा मोठं, आत एकाखाली एक चार मजले. माश्या मेल्या तरी पोळं तिथेच ठेवून चालत नाही, आतल्या अळ्या कुजतात आणि त्या वासावर मुंग्या येतात. मग फटी बुजवल्या आणि झरोक्याला 3 मिमी छिद्रांची स्टीलची जाळी बसवली. हवा खेळती राहते, माशी शिरत नाही. अकरा महिन्यांत ती जाळी ढिली झालेली नाही.

पैसे ज्यासाठी वसूल झाले ती गोष्ट मात्र पुढची. करारात चार तपासण्या होत्या. हवेत ऊब आली की राणीमाशी एकटीच जागा शोधत फिरते. पहिल्या कामकरी माश्या जन्मेपर्यंत घर बांधणं, अंडी घालणं, अळ्यांना भरवणं सगळं तीच करते. त्या काही आठवड्यांत पोळं लिंबाएवढं असतं. तेव्हा सापडलं तर दहा मिनिटांचं काम, हुकलं तर पुन्हा पोशाख आणि भुकटी. दुसरी तपासणी त्यांनी नेमकी त्याच दिवसांत ठेवली आणि बागेतल्या अवजारांच्या खोलीत, दाराच्या वरच्या कोपऱ्यात, असं लिंबाएवढं पोळं सापडलं. मी त्या दाराखालून रोज ये-जा करत होते.

सहाव्या महिन्यात आंब्याच्या फांदीवर माश्यांचा घोस लटकला. मी घाबरून फोन केला. फोटो पाहून त्यांनी यायलाच नकार दिला: "ताई, या मधमाश्या आहेत. थवा विसाव्याला थांबलाय, हात लावू नका. नाहीच हलला तर मधमाशी पाळणाऱ्याला बोलावू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थवा उडून गेला. नुसतं येऊन फवारा मारून बिल लावणं त्यांना सहज जमलं असतं. त्या नकारानंतर माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला.

तक्रारीही आहेत. कुठलं औषध वापरलं हे लेखी मिळायला दोनदा आठवण करावी लागली, आणि घरात अ‍ॅलर्जीचा माणूस असताना हे मला अजिबात पटलं नाही. तिसरी तपासणी तीन आठवडे उशिरा झाली. आणि त्यांनी गळ्यात मारलेला गोड पाण्याचा सापळा मी महिन्याभरात काढून टाकला. त्यात गांधीलमाश्या दोनच सापडल्या, फुलपाखरं आणि साध्या माश्या मात्र ढिगाने मेल्या. गांधीलमाश्या दूर राहाव्यात म्हणून झाडाला टांगायचं कागदी बनावट पोळं मी स्वतः आणलं होतं, अवजारांच्या खोलीतलं ते पोळं त्याच्यापासून चार हातांवर होतं.

पुढच्या वर्षाचा करार केला आहे, दोन गोष्टी लिहून घेऊन: औषधाचं नाव आणि प्रमाण त्याच दिवशी कागदावर मिळेल, आणि ऊब सुरू होतानाची तपासणी एक दिवसही पुढे जाणार नाही. आई अजून माळ्यावर जात नाही. गादी मी काढते, आधी दारात उभं राहून कान देते, मग आत शिरते.