छातीवरचा बॉडी कॅमेरा: बंदोबस्तावरील एका अंमलदाराचा अभिप्राय

कोल्हापुरात महाद्वार रोडवरील विसर्जन मिरवणुकीत आणि रात्रीच्या नाकाबंदीत वापरलेल्या बॉडी कॅमेऱ्याविषयी हा अभिप्राय आहे. बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही हा कॅमेरा साठवून ठेवतो, त्यामुळे वादाला तोंड कोणी फोडले ते नंतर दिसते. आवाज चढवून बोलणारे वाहनचालकही त्याचा तांबडा दिवा पाहिल्यावर बहुधा शांतपणे कागदपत्रे काढतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे, आणि त्या वेळी पंचांसमोर दोन्ही हात मोकळे राहणे ही फार मोठी सोय आहे. उणिवाही आहेत. पापाची तिकटीजवळ साउंड सिस्टीमपुढे समोरच्याचा एक शब्दही नीट मुद्रित होत नाही, रेनकोट चढवला की भिंग झाकले जाते आणि गणपतीच्या लांबलेल्या बंदोबस्ताला बॅटरी पुरत नाही.

तरीही अनेक सहकारी तो लावायला नाखूश असतात आणि त्याचे कारण नागरिकांची भीती हे नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये आम्ही रोजच टिपले जातो. उलट, आधीची शिवीगाळ वगळून पसरवलेल्या तुकड्याला उत्तर द्यायला आमच्याकडे हेच सलग चित्रीकरण असते. खरी धास्ती कसुरी अहवालाची, म्हणजे कर्तव्यातील चुकीबद्दल अंमलदाराविरुद्ध वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालाची आहे. बारा तास उभा राहिलेला हवालदार टोपी काढून दोन मिनिटे कट्ट्यावर टेकला किंवा रजा मिळत नाही म्हणून जोडीदाराजवळ चिडून बोलला, तर तेवढेच शोधून काढण्यासाठी कोणी चित्रीकरण चाळत बसेल, ही शंका मनातून जात नाही. ती मला रास्त वाटते.

मात्र म्हणून कॅमेरा कधी सुरू करायचा हे अंमलदाराच्या मर्जीवर सोडणे मला मान्य नाही. कॅलिफोर्नियातील रियाल्टो येथे 2012 मध्ये सुरू झालेल्या बॉडी कॅमेऱ्यांच्या प्रयोगात पोलिसांकडून होणारा बळाचा वापर निम्म्याच्या आसपास आला, तर वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे केवळ यंत्र लावून भागत नाही, नियमही लागतात. नागरिकाशी संबंध येताच चित्रीकरण सुरू झालेच पाहिजे, तक्रार किंवा गुन्हा असल्याखेरीज ते कोणी उघडू नये, उघडणाऱ्याचे नाव व वेळ नोंदली जावी आणि तक्रारदाराइतकाच संबंधित अंमलदारालाही ते पाहण्याचा हक्क असावा. एवढे लेखी मिळाले, तर मी प्रत्येक पाळीला कॅमेरा स्वतः मागून घेईन.