क्लबफूटची मोफत ट्रीटमेंट: क्लिनिकला पाचपैकी साडेचार

ओळखीतल्या एका जोडप्याच्या बाळाचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले (यालाच क्लबफूट म्हणतात), घर हातावर पोट असलेलं, त्यामुळे पहिला प्रश्न खर्चाचाच. एका ठिकाणी थेट मोठ्या ऑपरेशनचा आकडा सांगितला आणि आईबाप हादरलेच. मग देणग्यांवर चालणारं हे क्लिनिक सापडलं. इथे पॉन्सेटी पद्धत वापरतात (आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासियो पॉन्सेटींनी बसवलेली, आता जगभर हीच करतात), प्लास्टर, तपासणी, बूट सगळं फ्री.

काम एक नंबर. बाळ दूध पीत असतानाच डॉक्टर हलक्या हाताने पाऊल थोडं थोडं बाहेर वळवतात आणि बोटांपासून पार मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, दर आठवड्याला नवीन, साधारण ५-७ लागतात. टाच तरी वर ओढलेली राहते म्हणून बहुतेक बाळांची टाचेमागचा घट्ट स्नायूबंध (टेंडन) छोटासा छेद देऊन मोकळा करतात, मग शेवटचं प्लास्टर ३ आठवडे. सिस्टर दर वेळी आईकडून बाळाचं बोट दाबून घ्यायच्या, दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला पाहिजे, निळं दिसलं किंवा बोटं प्लास्टरच्या आत सरकली तर थांबू नका, निघून या. इतकं नीट समजावणारे कमी भेटतात हो.

अर्धा स्टार कापला कारण येण्याजाण्याचं कोणी विचारतच नाही. ट्रीटमेंट फ्री असली तरी दर आठवड्याला एक रोज बुडतो, वर गाडीभाडं, आणि लोक इथेच गळतात. खरी लांबण तर पुढे आहे, ब्रेस म्हणजे पट्टीला जोडलेले बूट, पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर झोपताना ४-५ वर्षांचं होईपर्यंत. पाय सरळ दिसले की घरच्यांना वाटतं झालं काम, ब्रेस सुटतो आणि पाय परत वळायला लागतात.

म्हणून कुणाला मदत करायची असेल तर सगळे पैसे सुरुवातीलाच देऊन मोकळे होऊ नका. आम्ही काही जणांनी मिळून गाडीभाडं आणि बुडालेला रोज वाटून घेतला, बूट क्लिनिकने दिले, पाय वाढला की पुढचा साइजही तेच देतात. तुमच्याकडचं क्लिनिक देत नसेल तर बुटांचे पैसे बाजूला ठेवाच.

बाळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत दाखवलं तर सोपं जातं, पण मोठं झालं असलं तरी न्या, इथे परत पाठवत नाहीत.