सीएनसी लेथ, चौदा महिन्यांनंतर: साडेसतरा लाखांचं मशीन आणि टॉर्चचे चार सेल

मुंबईत साकीनाक्याला आमचा गाळा आहे, जॉबवर्क करतो, बुश, पिन, स्पेसर असले छोटे पार्ट. गेल्या वर्षी जुलैत सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ घेतलं, सहा इंची चक, आठ स्टेशनचा टरेट (हत्यारं धरणारं फिरतं डोकं), साडेसतरा लाख आणि वर १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्पीड, फीड, पॉवर हे सगळं ब्रोशरमध्ये मिळेल, मी लिहायला बसलोय ते फक्त चार सेलमुळे. हो, टॉर्चमध्ये घालतो ते जाडे सेल.

झालं असं की गणपतीत गाळा सात दिवस बंद. अर्धी पोरं कोकणातली, सुट्टी नाही दिली तरी जातातच, म्हणून मेन स्विच पाडला आणि कुलूप लावलं. परत येऊन मशीन चालू करतो तर एक्स आणि झेड दोन्ही अक्षांना अलार्म ३००, रेफरन्स घ्या म्हणतोय. म्हणजे टरेट कुठे उभा आहे हे मशीनलाच आठवत नाही! मोटारीच्या मागे एन्कोडर असतो, मशीन बंद असताना तो आपली जागा बॅटरीवर धरून ठेवतो आणि ती बॅटरी म्हणजे हेच चार डी साइज अल्कलाइन सेल, मिळून ६ व्होल्ट. मशीन चालू असतं तेव्हा त्यांच्यावर भार नसतो, बंद केलं की खरी परीक्षा. आमचे सात दिवसांच्या सुट्टीत गळाले. स्क्रीनवर 'बॅट' अशी अक्षरं महिनाभर लुकलुकत होती, पोराने मला दाखवलंही होतं, मी म्हटलं चालतंय ना, मग चालू दे.

सर्व्हिसला फोन केला तर म्हणे माणूस चार दिवसांनी, व्हिजिटचे साडेसहा हजार, गाडीभाडं वेगळं. वॉरंटी जुलैतच संपली होती आणि एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, मी घेतली नव्हती, ४२ हजार मागत होते, का द्यायचे? अर्धा तास भांडलो. "साहेब, सेल कन्झ्युमेबलमध्ये येतात." अरे पण चार दिवस मशीन उभं, पार्टीचे सहाशे बुश बाकी, आणि हप्ता काय कन्झ्युमेबल आहे का?

शेवटी ओळखीतला एक सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, संध्याकाळी आला. दोन हजारांत जॉगने, म्हणजे बटणाने हळूहळू सरकवत, टरेट खुणेवर आणला, पॅरामीटर १८१५ मध्ये झीरो बसवला, मशीन बंद करून चालू केलं, एक पीस काढून ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) तपासले, काम झालं. त्याआधी आमच्या पोराने कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे कार्बनचे सेल आणून बसवले होते, सेटरने कपाळाला हात लावला आणि मला लोहार चाळीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात पिटाळलं. चार अल्कलाइन, साताठशे रुपये.

वरचं सगळं रविवारी रागात टाइप केलं होतं. आज मॅन्युअल काढलं, प्लास्टिकमध्येच होतं अजून. त्यात स्वच्छ लिहिलंय, सेल वर्षाला बदला आणि मशीन चालू असताना, इमर्जन्सी दाबून बदला. बंद करून सेल काढले की जागा गेलीच. मग चूक माझी, पण पूर्ण माझी नाही, बसवायला आलेला इंजिनिअर दोन दिवस गाळ्यात होता, चार वेळा चहा प्यायला, याबद्दल एक शब्द बोलला नाही.

बाकी मशीनला नावं ठेवायची तर खोटं बोलावं लागेल. जो बुश जुन्या लेथवर नऊ मिनिटं घ्यायचा तो दोन मिनिटं चाळीस सेकंदात पडतो, रिजेक्शन जवळजवळ गेलं. वीजबिल वाढलं, ते वाढणारच. नागदेवीच्या हत्यारबाजारातून स्वस्त इन्सर्ट (हत्याराची बदलायची पाती) आणू नका एवढंच सांगतो, बॉक्सवर नाव छान असतं.

खरी गंमत आमच्या काकांची. एकतीस वर्षं लेथवर, हे मशीन आल्यावर सहा महिने त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि मीही मनात म्हणायचो की आता काकांचं काम संपलं. पण रोज सकाळचे पहिल्या पाच-सहा पीसचे बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, बारा-पंधरा मायक्रॉन हलायचे, चहानंतर आपोआप ठीक. प्रोग्रॅमवाला पोरगा इन्सर्ट बदलून बदलून दमला. काकांनी स्पिंडलच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या हेडवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे ते अजून थंड आहे, त्याला फिरू दे." आता सकाळी पंधरा मिनिटं रिकामं फिरवतो, हलणं बंद. हल्ली इन्सर्ट गेला हे काका आवाजावरून सांगतात आणि ऑफसेटही स्वतः टाकतात, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने.

सेलच्या डब्यावर मार्करने तारीख टाकलीय. खंडेनवमीला मशीनची पूजा करतोच, त्याच दिवशी दरवर्षी सेल बदलायचे, काकांनी ठरवलंय, हार नंतर. एएमसीवाल्याचा काल परत फोन आला, ३५ वर आलाय. अजून थोडा उतरू दे.