सीताफळाच्या बागेत क्रिप्टोलिमस भुंगेरे: आठ महिन्यांचा अनुभव

सासवडजवळच्या आमच्या सीताफळाच्या बागेत गेल्या जूनपासून पिठ्या ढेकणासाठी, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीसाठी, ती कीड खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे वापरतेय. २०० झाडं आहेत, बहुतेक फुले पुरंदर जातीची, थोडी जुनी बाळानगर. मी राहते हडपसरला. शनिवार-रविवार दिवे घाट चढून जायचं, एरवी बाग मामा सांभाळतात. हे मामा नात्याचे नाहीत, पण सासऱ्यांच्या काळापासून बागेवर आहेत. पूर्ण एक बहार गेला, म्हणून आता लिहितेय.

पिठ्या सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचेत शिरून बसतो. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे औषध वरच्या वर ओघळून जातं. तो जो गोड चिकटा सोडतो त्यावर काळी बुरशी चढते, आणि काळवंडलेला माल गुलटेकडीच्या बाजारात नेला की क्रेट बाजूलाच पडतो. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही चार फवारण्या केल्या. दरवेळी दोन-तीन आठवड्यांत पांढरे पुंजके परत हजर.

किड्यांनी कीड खाण्यावर माझा विश्वास बसला तो बांधावरच्या गाजरगवतामुळे. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. त्यावर १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकन भुंगेरे सोडले गेले. आज आमच्या बांधावर ते कोणी न आणता येतात आणि पावसाळ्यात गवताची पानं चाळणी करून टाकतात. क्रिप्टोलिमस तर त्याहून जुना पाहुणा. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून आणला, दक्षिणेतल्या कॉफीवरच्या खवले किडीसाठी. जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि मागचं टोक तांबूस.

पहिला डबा मे अखेरीस कुरिअरने मागवला. दोन दिवस कुठल्यातरी गोदामात तापत पडला. उघडला तर निम्म्याहून जास्त मेलेले, आणि विकणाऱ्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या वेळी स्वतः जाऊन आणले, गाडीत एसी लावून. उन्हाळ्यात कुरिअरवर अजिबात विसंबू नका. झाडाला पाच या हिशेबाने हजार घेतले, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडले, जिथे पिठ्या जास्त तिथे मूठभर जास्त. शेवटच्या रासायनिक फवारणीला तेव्हा महिना उलटून गेला होता.

मग पंधरा-वीस दिवस काहीच दिसेना. मामांचा रोज फोन, "ताई, एक फवारा मारून घेऊ का?" मी नाही म्हणत राहिले, पण पोटात गोळा होताच. जुलैत एकदा म्हणाले, "ताई, पिठ्या आता मोठा झालाय आणि पळायलाही लागलाय. दिसेल तिथं चिरडतोय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवारी भिंग घेऊन गेले. क्रिप्टोलिमसची अळी दिसायला थेट पिठ्यासारखी, पांढरी, अंगावर मेणाच्या झिपऱ्या. फरक एवढाच की पिठ्या एका जागी थंड पडून असतो, झिपऱ्याही आखूड. अळी त्याच्याहून मोठी होते, झिपऱ्या लांब, आणि बोट लावलं की तुरुतुरु चालते. एक अळी पिठ्याच्या कापसासारख्या अंड्यांच्या पुंजक्याशी होती. मामांना भिंगातून दाखवलं. ती आत तोंड खुपसून खात होती. बराच वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे आपलंच पोर होय!" त्यानंतर फवाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

खरी डोकेदुखी मुंग्यांची. चिकट्याच्या लालसेने त्या पिठ्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं. सालीवर थेट ग्रीस लावू नका, साल खराब होते. तरी काही झाडांवर मुंग्या होत्याच. जमिनीला टेकलेल्या फांद्यांवरून त्या बिनदिक्कत वर जात होत्या. त्या फांद्या छाटल्या, बुंध्याजवळचं गवत काढलं, आणि त्या झाडांवरही अळ्या वाढायला लागल्या. पट्ट्या लावणार नसाल तर भुंगेऱ्यांवर पैसे घालू नका, इतक्या ठामपणे सांगते.

ऑगस्टच्या झिमझिमीत दोनदा संध्याकाळी व्हर्टिसिलियमही फवारलं. ही पिठ्याला मारणारी बुरशी, दमट हवेतच चालते. तिचा वाटा किती आणि भुंगेऱ्यांचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

तोडणीला आधी दहातले चार क्रेट बाजूला पडायचे, यंदा एक-दीड. भुंगेरे, पट्ट्या, ग्रीस मिळून खर्च साधारण दोन फवारण्यांएवढा. फळमाशीला मात्र याचा काही उपयोग नाही, सापळे लावावेच लागले. शेजारच्या फवारणीचे तुषार येतात त्या बांधालगतच्या आठ झाडांवर भुंगेरे टिकलेच नाहीत. शेजारच्या तात्यांशी बोललेय. वारा आमच्या बाजूला असेल तेव्हा पंप लावणार नाही म्हणालेत.

कोथरूडला बहिणीच्या गॅलरीतल्या जास्वंदीसाठी वीस भुंगेरे दिले होते. आठवड्यात पसार! चार कुंड्यांत त्यांचं पोट भरत नाही. तिथे पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना टूथब्रश पुरे.

डिसेंबरच्या थंडीत बागेतही एक भुंगेरा दिसेना. उन्हं तापली की पाचशे पुन्हा आणायचं ठरवलंय. पण परवा छाटणी करताना मामांचा फोन आला, "ताई, सालीखाली आपला एक भुंगेरा बसलाय. ती फांदी ठेवलीय." शनिवारी जाऊन बघते.